काठमांडूची पाटी

मी जर्मनीत एका छोट्या डेटा रिकव्हरी लॅबमध्ये काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या केसेस बऱ्याचशा ठरलेल्या, लग्नाचे फोटो, कुणाचा प्रबंध, एखाद्या क्लिनिकचे हिशोब. मागच्या हिवाळ्यात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ टॉवेलात गुंडाळलेली ५०० जीबीची हार्ड डिस्क घेऊन आले आणि फॉर्मवर 'सगळ्यात महत्त्वाचा डेटा' या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, गेम. मला वाटलं सेव्ह फाइल्स असतील. विचारलं कुठला गेम, तर म्हणाले, आम्ही चौघांनी केलेला, सात वर्षं लागली, अजून बाहेर आलेला नाही. (हे सगळं त्यांना विचारूनच लिहितोय. नाव तेवढं नका टाकू म्हणाले.)

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सने 'मॅनिॲक मॅन्शन' हा ॲडव्हेंचर गेम काढला, म्हणजे वस्तू वापरून कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायची असा. त्याआधी अशा बऱ्याच गेममध्ये 'दार उघड' वगैरे टाइप करायला लागायचं, यात स्क्रीनच्या खालच्या भागात क्रियापदंच लिहिलेली, उघड, ढकल, उचल, दे, त्यावर क्लिक करायचं आणि मग चित्रातल्या वस्तूवर. त्या गेमसाठी बनलेली स्क्रिप्टची भाषा म्हणजे स्कम, आणि त्याच इंजिनवर १९८८ मध्ये 'झॅक मॅकक्रॅकेन' आला, १९९० मध्ये 'मंकी आयलंड'. मंकी आयलंड आपल्याकडेही काही जणांनी खेळलेला असेल, मी मामाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यात घालवली होती. झॅक त्यामानाने कमी माहीत. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सनसनाटी पेपरचा बातमीदार, विमानाची तिकिटं काढून काढून कैरो, लिमा, काठमांडू असा जगभर फिरतो आणि गोष्ट पार मंगळापर्यंत जाते. जर्मनीत हा इतका लाडका की इथल्या फॅन्सनी त्याचे पुढचे भाग स्वतःच केले, एक २००२ मध्ये, दुसरा 'बिटवीन टाइम अँड स्पेस' २००८ मध्ये, आणि २००४ मध्ये लुकासफॅन गेम्स या ग्रुपने मूळ मॅनिॲक मॅन्शनच पुन्हा रंगवून सगळ्यांना फुकट दिला. नोकऱ्या सांभाळून, पोरंबाळं झोपल्यावर केलेली कामं आहेत ही, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

आमच्या गृहस्थांचा गेमही झॅकचाच पुढचा भाग. बनवलेला ॲडव्हेंचर गेम स्टुडिओमध्ये, म्हणजे क्रिस जोन्स या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९७ मध्ये सुरू केलेलं फुकट सॉफ्टवेअर, अशा असंख्य गेम्सचं हत्यार तेच. मी विचारलं, इतकी वर्षं झाली तर बाहेर का नाही काढला? म्हणाले, भीती. 'किंग्ज क्वेस्ट' या अशाच जुन्या गेमच्या फॅन्सनी 'द सिल्व्हर लायनिंग' करायला घेतला होता त्यांना २००५ मध्ये कंपनीकडून थांबण्याची नोटीस आली, मग परवानगी मिळाली, हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले तर २०१० मध्ये परत नोटीस, मग परत परवानगी आणि त्याच वर्षी जुलैत पहिला भाग आला. त्या फॅन्सच्या जिवाची काय घालमेल झाली असेल. हे बघून यांनी ठरवलं की पूर्ण झाल्याशिवाय कुणाला काही दाखवायचं नाही, कुठे अपलोड करायचं नाही. बाकी तिघांकडे जुनी कॉपी होती पण शेवटच्या दोन वर्षांचं काम फक्त या एका डिस्कवर. आणि ती टक्‌ टक्‌ वाजत होती.

टक्‌ टक्‌ म्हणजे बहुतेक वेळा हेड, डिस्क वाचणारा भाग, गेलेलं असतं. क्लीन बेंचवर, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या टेबलावर, उघडली, दोन प्लॅटर (आतल्या तबकड्या), चार बाजू, त्यातल्या सगळ्यात खालच्या बाजूवर हेड घासून गोल रेघ उमटलेली, लाइट तिरका धरला की दिसायची. त्याच मॉडेलची डोनर डिस्क शोधून हेड बदलले आणि आधी चांगल्या तीन बाजू वाचून घेतल्या. त्यालाच चार दिवस गेले. चौथ्या बाजूचं फार थोडं आलं, पुढे जायचा प्रयत्न केला असता तर नवे हेडही गेले असते.

लोकांना वाटतं एक बाजू गेली म्हणजे पाव डेटा गेला आणि बाकीचा नीट. तसं नसतं. डिस्क लिहिताना थोडं या बाजूवर, थोडं त्या बाजूवर असं आलटून पालटून लिहिते, त्यामुळे एक बाजू गेली की सगळीकडे ठराविक अंतराने भोकं पडतात, चाळणीसारखी. लहान फाइल भोकात तरी पडते नाहीतर अख्खी वाचते, पण मोठ्या फाइलला भोकं पडणारच. यांच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक खोलीची स्क्रिप्ट म्हणजे काही केबीची टेक्स्ट फाइल, आणि सगळी छोटी चित्रं, माणसं, वस्तू, हलणाऱ्या गोष्टी, मिळून एकच भली मोठी स्प्राइट फाइल. मागची मोठी दृश्यं जुन्या कॉपीत बरीचशी होती. पण फोल्डरची यादी गेलेली, फाइलींची नावंसुद्धा नाहीत.

तर तो दिवस. गुरुवार होता, बाहेर चारलाच अंधार पडलेला. मी अख्ख्या इमेजमध्ये, म्हणजे डिस्कवरून वाचून घेतलेल्या कॉपीत, 'सीइगो डॉट से' हे शब्द शोधायला लावले, कारण त्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य पात्राला बोलायला लावायची कमांड ती. आणि धडाधड यायला लागलं. मला जर्मन बऱ्यापैकी येतं आता, मी नुसतं मोजायला बसलो होतो आणि वाचतच गेलो. या लोकांनी प्रत्येक वस्तूला प्रत्येक क्रियापदासाठी वेगळं उत्तर लिहिलं होतं. काठमांडूतल्या एका दगडी पायरीला कुणी 'ढकल' म्हणणार आहे का? पण कुणी म्हटलंच तर झॅक म्हणतो, हिच्यावर इतकी वर्षं इतके लोक चढलेत, ती काय माझ्यासाठी हलणार आहे. त्याच पायरीला 'बोल' म्हटलं तर दुसरंच. गेम संपवायला यातलं काहीच लागत नाही, पण खेळणारा कुठेही बोट लावेल आणि तिथे त्याला कुणीतरी भेटलं पाहिजे, जुन्या गेम्सचा सगळा जीव यातच तर होता, आणि यांनी तो नेमका धरला होता. मध्येच स्क्रिप्टमध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या ओळी, 'रात्रीचे दोन, हे उद्या बघू', 'हे वाक्य जास्त लांब होतंय, बोलताना श्वास लागेल'. मी जेवायला गेलो नाही.

स्क्रिप्ट्स बऱ्याच मिळाल्या. मग स्प्राइट फाइल. तिच्यासोबत एक इंडेक्स फाइल असते, कुठलं चित्र कुठे सुरू होतं आणि केवढं आहे ते सांगणारी, ती नेमकी भोकात गेलेली. पण त्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला आहे, त्यात वाचून कळलं की प्रत्येक चित्राच्या आधी पिक्सेलला किती बाइट, रुंदी, उंची एवढे आकडे असतात आणि मग सरळ पिक्सेल. यांनी कॉम्प्रेशन लावलं नव्हतं हे नशीब. म्हणजे भोक संपलं की पुढचे असे आकडे हुडकायचे आणि तिथून परत सूर लावायचा. त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला, चालला, झॅकचं नाक, विमानाचं तिकीट, एक याक असं एकेक स्क्रीनवर येत गेलं.

ज्या चित्राचे पहिले आकडेच भोकात गेले त्याची रुंदी आपण ओळखायची. रुंदी चुकली की प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकते आणि चित्र तिरपं फाटल्यासारखं दिसतं. असंच एक तपकिरी चित्र, त्यात पांढरे पिक्सेल, मी ४८ लावून बघितलं, ५२, ५५, नुसता जिना उतरल्यासारखी पांढरी रेघ. ५७ ला ती रेघ जवळजवळ आडवी झाली आणि माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण ती रेघ माझ्या ओळखीची होती. ५८ केलं. शिरोरेखा सरळ झाली आणि तिच्याखाली अक्षरं लटकली. देवनागरी! नेपाळी आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात हे डोक्यात होतं, पण जर्मन डिस्कच्या पोटातून, ३२० बाय २०० च्या गेममधून, रात्री आठ वाजता ती अशी समोर येईल असं कधी वाटलं नव्हतं. चहाच्या दुकानाची पाटी होती, 'चिया पसल'. फक्त 'चि'ची वेलांटी चुकीच्या जागी, 'च'च्या आधी यायला हवी ती 'च'च्या नंतर, तिची टोपी पुढच्या 'य'वर गेलेली. जुन्या प्रोग्राम्समध्ये देवनागरी चिकटवली की अक्षरं टाइप केल्या क्रमाने नुसती ओळीत बसायची, वेलांटी आपली जागा घ्यायची नाही, तसंच झालं असणार आणि त्यांनी ते बघून पिक्सेल पिक्सेल करून इमानाने काढलं.

मी रिपोर्ट द्यायला फोन केला. सांगितलं की स्क्रिप्ट्स बऱ्याच आल्यात पण काही चित्रं कायमची गेली, ती नाही मिळणार. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, म्हणजे डिस्क नंबर २२ हवी. मी लगेच म्हटलं, आणि मग ३६, आणि मग ११४. पलीकडे एकदम शांतता. मंकी आयलंडच्या पहिल्या फ्लॉपी आवृत्तीत जंगलात एक झाडाचा बुंधा आहे, त्याच्यात शिरायला गेलं की गेम या नंबरांच्या डिस्क मागतो, त्या मुळात नसतातच, गंमत होती ती, पण लोक खरंच डिस्क कमी आली म्हणून मदतीच्या नंबरवर फोन करायला लागले आणि सीडीच्या आवृत्तीतून तो भाग काढून टाकला. तुम्ही भारतात खेळलात हा? त्यांनी विचारलं. म्हटलं हो, सांगलीत. त्यानंतर आम्ही पाऊण तास बोललो.

बिल चौघांनी वाटून भरलं, ज्याच्यातून एक सेंट मिळवायची त्यांना परवानगी नाही अशा गोष्टीसाठी. गेलेली चित्रं परत काढायचं त्यांनी वाटून घेतलंय. डिस्क न्यायला आले तेव्हा मी पाटीचा प्रिंट मोठा करून ठेवला होता आणि वेलांटीचं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले, बॅगेतून चौकटीचा कागद काढला, ५८ बाय २२ चौकटी मोजून रेघ मारली आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. मी शिरोरेखा एका चौकटीची घेतली, दोनची घेतली असती तर वेलांटीच्या टोपीला जागाच उरली नसती. आधी वेलांटी, मग 'च', मग 'या'. त्यांनी प्रत्येक चौकट नीट बघितली, 'च'चं पोट एका पिक्सेलने कमी केलं तर चालेल का विचारलं, मी नको म्हटलं, मग 'व' वाटेल. मान डोलावली त्यांनी.

मग म्हणाले, ही पाटी वाऱ्यावर हलते, चार फ्रेम आहेत.

मी म्हटलं, दुसरा कागद द्या.