जागलीवर पाहिलेला 'मद्रास कॅफे'

परवा राती तुरीच्या वावरात जागलीवर होतो, रानडुकरांनी सध्या लय नासधूस चालवली आहे, त मचाणीवर बसून मोबाईलवर 'मद्रास कॅफे' पाहिला. शूजित सरकारचा २०१३ चा पिक्चर. जॉन अब्राहम रॉचा, म्हणजे आपल्या देशाच्या गुप्तहेर खात्याचा एजंट, श्रीलंकेतल्या यादवी युद्धात पाठवलेला, आणि शेवटी २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा जीव घेणाऱ्या त्या मानवी बॉम्बच्या घटनेवर बेतलेली गोष्ट, पात्रांची नावं तेवढी बदललेली.

गाणी नाही, उड्या नाही, नुसते फोन, फायली, चोरून ऐकलेले संदेश. मले तेच आवडलं. पण खरं काळजाले लागला तो बाला, रॉचाच अधिकारी. श्रीलंकेतल्या जाफन्यात ज्याच्या भरवशावर जॉन उतरतो तोच आतून खबरा बाहेर देते, आणि इकडं प्रत्येक प्लॅन कसा फसून राह्यला तेच कळत नाही. दुश्मन बंदूक घेऊन समोर असला त दिसते तरी, पण बाजूच्या खुर्चीवर बसून चहा पिणारा कसा ओळखावा?

मधातच काकाची ब्याटरी धुऱ्यावरून दोनदा चमकली. म्हणजे मी जागा आहो, तू आहे का. मीबी दोनदा चमकवली. मंग पिक्चर पुढं लावला, पण हेडफोन एकाच कानात ठेवला.

तो कट उधळायले किती थोडं कमी पडलं, हे पाहून पहाटपर्यंत झोप नाही आली राजेहो.