मसुदा तिसरा, नोंद सहावी: घराचं वय

या पंधरवड्यात कादंबरीचे शब्द वाढले नाहीत, घटले. १४,२०० वरून १२,६०० वर आलोय. भूत काढून टाकलं, दुसरं काय!

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: वडील जातात, मुलगी देवगडजवळच्या घरी दिवसांसाठी येते आणि घरात एक खोली जास्त निघते. दुसऱ्या मसुद्यात त्या खोलीतून रात्री खोकल्याचा आवाज यायचा. वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "मग आता हडळ कधी येणार?" संपलं. तो खोकला तिथेच बसला.

अडलेलं सुटलं ते एका कौलामुळे. आमच्या गावच्या घराचं एक मंगळुरी कौल मी गॅलरीत कुंडीखाली ठेवलंय. त्यावर बाझेल मिशनचा, म्हणजे कौलांचा कारखाना चालवणाऱ्या ख्रिस्ती मिशनचा, शिक्का आणि १८६५ साल. बाबा जन्मभर ऐटीत सांगायचे, "आपलं घर १८६५चं." पण ते साल कारखान्याचं. तो तेव्हा मंगळुरात सुरू झाला आणि नंतरच्या कौलांवरही तोच आकडा पडत राहिला. घर आजोबांनी बांधलं, तेही १९३० नंतर.

मग कादंबरीतल्या घराने बाबांची थाप खरी मानली तर? मधली पासष्ट-सत्तर वर्षं भरायला त्याला माणसं लागणार. कधी नव्हतीच अशी. जास्तीची खोली त्यांची. मुलीला त्यांची नावंसुद्धा आठवायला लागतात, आणि बाबांचा चेहरा मात्र पुसट होत जातो.

सध्या दहाव्या रात्रीवर आहे. प्राण गेला तिथे दिवा, शेजारी परातीत पीठ. सकाळी कसली पावलं उमटली ते बघायचं. आधी मी कावळ्याचा पाय उमटवला होता. फारच सोपं. आता पिठावर शिक्का उमटतो, उलटा: ५६८१.

हे ओट्यावर करून बघितलं. कणकेत कडा ढासळल्या. तांदळाची पिठी तळव्याने दाबून बसवली, वर कौल ठेवलं, तेव्हा कुठे आकडे उठले. आठाचं एक पोट मात्र दोनदा भरून गेलं. तसंच लिहिलंय.

मुलगी ते पीठ विसर्जित करते की डब्यात परत भरते, हे अजून ठरत नाही. आमच्याकडे रात्री त्याच पिठीची घावनं झाली. कौल आधी घासून धुतलं होतं, असं मी घरात सांगितलंय.