पातीरु-सामा आणि सरळ कोळंबी

मी अलिबागचा. कोळंबी तळली की वळते, यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आईच्या ताटात ती रव्यात घोळलेली, स्वल्पविरामासारखी पडलेली असायची.

कामासाठी तीन महिने जपानमधल्या नागोयाला होतो. तिथे 'एबी-फुराय', म्हणजे तळलेली कोळंबी, ही शहराची ओळख. ती आली टिंगलीतून. 1980च्या दशकात तामोरी या टीव्हीवरच्या विनोदवीराने तिथल्या बोलीची नक्कल करत 'एबीफुर्या' म्हणायला सुरुवात केली. नागोयाकरांनी रुसून न बसता तोच पदार्थ डोक्यावर घेतला. (पुण्यात काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा.)

एका शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला एकटाच गेलो. स्टेशनखालच्या भुयारी बाजारात फक्त तळलेल्या कोळंबीचं दुकान, बाहेर रांग. दारात कागद ठेवलेला असतो. त्यावर नाव, माणसं किती, काउंटर की टेबल, हे आपणच लिहायचं. जपानीत 'ल' नाही, म्हणून पाटीलचं 'पातीरु' केलं, काउंटरवर खूण केली आणि काचेतली प्लास्टिकची ताटं बघत उभा राहिलो. ती इतकी हुबेहूब असतात की तळलेल्या चुऱ्याचे दाणेसुद्धा मोजावेत.

थोड्या वेळाने आतली मुलगी बाहेर येऊन 'पातीरु-सामा', म्हणजे 'पाटीलसाहेब', असं दोनदा ओरडली. हा कोण बिचारा रांग सोडून गेला, असा विचार मी खरंच केला. ती आत गेल्यावर कागद पाहिला तर माझ्याच नावावर रेघ! मी स्वतःकडे बोट दाखवलं. ती माझ्यापेक्षा जास्त वेळा वाकली आणि पुढच्याच जागेवर मला बसवलं.

काउंटर मागितला हे बरं झालं. गर्दी ओसरत होती आणि समोरचा आचारी पुढची खेप तयार करत होता. सोललेल्या कोळंबीच्या पाठीत बांबूची काडी खुपसून त्याने काळा दोरा अलगद ओढून काढला. इथवर आमच्या घरचंच. मग त्याने ती उलटी केली, पोटाकडून चार-पाच आडव्या, अर्धवट चिरा दिल्या आणि फळीवर पालथी ठेवून बोटांनी दाबली. आतले स्नायूंचे धागे तुटले, कोळंबी लांब झाली आणि तशीच राहिली. तळताना तिला ओढून वळवणारं काही उरलंच नाही! शेपटीचं टोक तिरकं कापून सुरीच्या पाठीने त्यातलं पाणी निपटलं. ते राहिलं तर तेल अंगावर उडतं. आई शेपटी कढईत सोडताना एक पाऊल मागे सरते, ते याचसाठी.

पुढे मैदा, अंडं आणि पावाचा चुरा. तेंपुराला पातळ पिठाचं आवरण, फुरायला हा जाडसर चुरा, हा फरक मला तिथेच कळला. चुऱ्याला म्हणतात 'पानको'. त्यातला 'पान' म्हणजे पाव, आणि आपला पाव नि त्यांचा पान दोन्ही पोर्तुगिजांकडूनच आलेले. वसई-गोव्याला ज्यांनी पाव दिला, त्यांनीच नागासाकीलाही दिला. आपण तो वड्याला लावला, यांनी कोळंबीला.

तीन नगांचं 'तेइशोकु', म्हणजे थाळी, मागवलं. वीतभर लांब, पट्टीने आखल्यासारख्या तीन कोळंब्या, केसासारखा चिरलेला कोबी, भात, लोणचं आणि काळपट लाल मिसोचं सूप. मिसो म्हणजे आंबवलेला खारा लगदा. हा निव्वळ सोयाबीनचा, जवळच्या ओकाझाकी गावाची खासियत. पहिल्या घोटाला कडवट लागला, तिसऱ्याला आवडला. वाटीतलं पांढरं मला कोशिंबीर वाटलं, म्हणून भातावर घेतलं. ते टार्टर सॉस निघालं, कोळंबीला लावायचं. शेजारच्या आजोबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चॉपस्टिकमध्ये एवढी जड कोळंबी धरणं कठीणच. आजोबांकडे बघून शिकलो: उचलायची, एक घास तोडायचा, परत ठेवायची. चुरा कुरकुरीत, पण रव्यासारखा दातात टणक नाही. आत मात्र मीठसुद्धा बेताचंच, तिखट-कोकमाची सवय असलेल्या जिभेला दोन घास चुकल्यासारखं झालं. मग कोळंबीची स्वतःची गोडी लागायला लागली.

मी शेपट्या कडेला रांगेत ठेवल्या होत्या. आजोबांच्या ताटात एकही नव्हती. त्यांनी माझ्या ताटाकडे हनुवटीनेच खूण केली. खाल्ली. करपलेल्या सोड्यांसारखी खमंग. उरलेल्या दोन्ही संपवल्या.

बिलाचा कागद उचलून गल्ल्यावर न्यायचा, पैसे हातात न देता तबकात ठेवायचे, टिप नाही. निघताना 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणालो, आत आचाऱ्यानेही मान हलवली.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, चिरा, शेपटी, पाव, सगळं. तिने एकच विचारलं, "दोरा काढतात ना?"

"काढतात."

"मग ठीक."