पान्यापासून स्कॅनरपर्यंत : आमची वाटचाल

गॅरेज सुरू केलं तेव्हा आमच्याकडे पान्यांचा संच, टायमिंग लाइट आणि एक मल्टिमीटर, एवढंच होतं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना त्याहून जास्त लागतही नव्हतं. कान लावला, प्लगचा रंग बघितला की निम्मं काम व्हायचं. मग फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या यायला लागल्या आणि त्यांच्यासोबत डॅशबोर्डवरचा, इंजिनात बिघाड झाल्याचं सांगणारा तो पिवळा दिवा. सुरुवातीच्या काही गाड्यांत दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की दिवा लुकलुकायचा. किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि कंपनीच्या पुस्तकात तो नंबर शोधायचा. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी.

ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची सगळ्या कंपन्यांना एकच पद्धत, आलं आणि हा घोळ संपला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. सगळीकडे तोच १६ पिनांचा सॉकेट, बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या खाली. त्यात जोडून दोषाचा कोड वाचणारा पहिला स्कॅनर आम्ही घेतला तो त्याच भरवशावर.

नव्या पोराला आम्ही आधी कोडची फोड शिकवतो. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक-स्टिअरिंग, बी म्हणजे एअरबॅग, काचा, एसी वगैरे आणि यू म्हणजे गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलेनासे झालेत. त्यापुढचा आकडा शून्य असला तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा, एक असला तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवर एक किंवा दोन म्हणजे हवा-इंधन, तीन म्हणजे इग्निशन आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), सात म्हणजे गिअरबॉक्स. पी-०३०२ दिसला की दुसरा सिलिंडर मिस करतोय, हे पुस्तक न उघडता कळतं. एवढं एका दुपारी येतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

कारण कोड पार्टचं नाव सांगत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल युनिटला, अमुक आकडा अमुक मर्यादेत अपेक्षित होता, तो तसा आला नाही, एवढंच तो नोंदवतो. ताप आलाय हे थर्मामीटर सांगतो, कशाने आलाय ते नाही. पी-०४२० म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. पण पुढे सायलेन्सरच्या जॉइंटला गळती असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) चुकीचं सांगत असला, तरी हाच कोड येऊ शकतो. आणि कन्व्हर्टर खरंच गेलेला असला, तर तो कशाने गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे जाळणं.

आमच्या धंद्याला वळण लागलं ते एका पी-०१७१ च्या गाडीमुळे. मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त, अशी ती तक्रार. गाडी आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला होता, आणि तो काही दिवसांनी पुन्हा बदलला गेला होता. दिवा मात्र परत परत लागायचा. आम्ही स्कॅनरवर कोड सोडून लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, उघडला. गाडी आयडलला असताना फ्युएल ट्रिम अधिक २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ईसीयू पाव हिस्सा जास्त पेट्रोल ओतत होता. एक्सिलरेटर देऊन आरपीएम २५०० वर नेला, तर तोच आकडा घसरून जवळपास नॉर्मल. इंधनाचा पंप कमजोर असता तर उलट झालं असतं : लोड वाढेल तसा आकडा वाढला असता. आयडलला जास्त आणि वर कमी, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. धूर सोडून पाहिला, तर इंजिनाच्या मागच्या बाजूला पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत आत घेणाऱ्या झडपेच्या) रबरी होजला खालून चीर. वरून दिसायचा प्रश्नच नव्हता. सेन्सर बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता.

तेव्हापासून आम्ही तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो, दुरुस्ती आमच्याकडे करा अथवा नका करू. सुरुवातीला कटकट झाली. ‘मशीन लावायचे कसले पैसे? कोड तर मी मोबाइलवरच काढलाय.’ स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल आता कोणाकडेही असतो, त्याला आमची ना नाही. उलट गिऱ्हाईकाने कोड लिहून आणला की बरंच वाटतं. फक्त त्याने तो उडवून आणू नये. कोड उडवला की सोबतचा फ्रीझ फ्रेमही जातो. दिवा लागला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन गरम होतं की थंड, ही सगळी नोंद गेली. शिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, पुन्हा शून्यावर येतात आणि पुरेशी गाडी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. बऱ्याच दोषांत लागोपाठ दोन फेऱ्यांत चूक दिसल्यावरच दिवा लागतो, त्यामुळे ‘कोड उडवला, गाडी बरी झाली’ हा आनंद चार दिवसांचा. आमच्या गॅरेजचा नियम : आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो, मग बाकी सगळं. आणि दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळेल.

आता कामाचा मोठा भाग यू कोडचा. दहा-बारा युनिट एकाच वेळी ‘संपर्क तुटला’ म्हणून ओरडतात, आणि पुष्कळदा कारण निघतं मरायला टेकलेली बॅटरी नाहीतर गंजलेली अर्थिंग. म्हणून आधी बॅटरी. मग ती काढून त्या १६ पिनांच्या सॉकेटमधल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांत मल्टिमीटर लावायचा. कॅनच्या, म्हणजे युनिटना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरजोडीच्या, दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकापर्यंत वायर पोचतच नाही. तो पहिला मल्टिमीटर आजही रोज हातात असतो.

नव्या गाड्यांत कोडच्या मागे आणखी दोन आकडे येतात, ११ म्हणजे अर्थला शॉर्ट, १३ म्हणजे सर्किट तुटलेलं. त्याने कपलर शोधायला बरीच मदत होते. हायब्रिड मात्र आम्ही सावकाश शिकतोय. तिथला पी-०ए८० तर आपल्या व्याख्येतच ‘बॅटरी पॅक बदला’ म्हणतो. तरीही आम्ही आधी ब्लॉकनिहाय व्होल्टेज काढतो, कूलिंग फॅनची जाळी बघतो, जोडपट्ट्यांवर गंज आहे का ते तपासतो, आणि मगच पॅकचं नाव घेतो.