आमची वाटचाल: सायबरजायातला वजनकाटा

ऑफिस मलेशियात, क्वालालंपूरजवळच्या सायबरजायात आहे म्हटलं की समोरचा लगेच ॲप, एआय, डेटा सेंटर असलं काहीतरी धरून चालतो. आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. पामची फळं भरलेला ट्रक तेलाच्या गिरणीत येतो, काट्यावर चढतो, माल उतरवून रिकामा परत चढतो, आणि मधल्या फरकाची पावती आमच्या प्रोग्राममधून निघते. वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही हेच करतोय. सायबरजाया जिथे उभं आहे तिथे पूर्वी रबराचे आणि पामचेच मळे होते. ते तोडून मल्टिमीडियाचं गाव वसवलं आणि त्या गावात बसून आम्ही पुन्हा पामवरच पोट भरतो.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. १९९९ साली वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा बिघडू नयेत याच्या कामासाठी क्वालालंपूरला आलो, एका बँकेतले कोबोल भाषेतले जुने प्रोग्राम निस्तरायला. तेव्हा इथे मल्टिमीडिया सुपर कॉरिडॉरची हवा होती. पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी १९९६ मध्ये ही योजना आणली. पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांपासून सेपांगच्या नव्या विमानतळापर्यंत १५ किलोमीटर रुंद आणि ५० किलोमीटर लांब पट्टा, त्यात फायबरचं जाळं, सायबर कायदे, सरकारी कारभारासाठी पुत्रजाया आणि कंपन्यांसाठी सायबरजाया. १९९७ मध्ये आशियातलं चलनसंकट आलं आणि सगळ्याच गणितांवर पाणी पडलं. तरी काम थांबवलं नाही, हे मानायला हवं. मी आलो तेव्हा रिंगिट, म्हणजे इथलं चलन, डॉलरला ३.८० वर बांधलेला होता, त्यामुळे घरी पैसे पाठवण्याचा हिशेब तोंडी व्हायचा.

सायबरजायाचं उद्घाटन मी आलो त्याच वर्षी, १९९९ च्या मे महिन्यात झालं. मी नंतर एका रविवारी टॅक्सी करून बघायला गेलो. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, नक्की कुठे सोडू? रस्ते सहापदरी, चौकाचौकात गोल बागा, आणि माणूस औषधालाही नाही. चहा प्यायला परत क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्सला, भारतीयांच्या वस्तीत यावं लागलं.

धंद्याची कल्पना मात्र तिथे सुचली नाही. २००२ मध्ये एका मित्राबरोबर पेराक राज्यात तेलुक इंतान गावाच्या बाजूला एका गिरणीत गेलो होतो. काट्याच्या खिडकीशी एक म्हातारा बागायतदार कारकुनाशी हुज्जत घालत होता. मला मलय भाषा तेव्हा जेमतेम यायची, पण तो काय म्हणतोय ते शब्द न कळताही कळलं. काटा मारला, असं म्हणत होता. आमचे वडील ऊस घेऊन कारखान्यावर जायचे तेव्हा वाटेत आधी एका खाजगी काट्यावर गाडी तोलून घ्यायचे. मग कारखान्याची पावती आली की तिच्या मागे पेन्सिलीने दोन्ही वजनांची वजाबाकी. घरी एका तारेला अशा पावत्या ओवलेल्या असायच्या.

पामचं गणित उसासारखंच घाईचं. घड काढला की साधारण २४ तासांत गिरणीत जावा लागतो, नाहीतर आम्ल वाढतं आणि तेलाची प्रत पडते. त्यामुळे शेतकरी माल परत नेतो म्हणायच्या स्थितीत नसतो. वजन, कच्च्या घडांची वजावट आणि तेलाचा उतारा, या तीन आकड्यांवर त्याचा पैसा ठरतो. उतारा साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतो, तो गिरणी सांगेल तो. निदान वजन तरी डोळ्यांसमोर पक्कं व्हावं, एवढाच आमचा विचार होता.

२००३ मध्ये चार जणांनी सेंदिरियन बरहाड, म्हणजे आपली प्रायव्हेट लिमिटेड, काढली आणि एमएससी, म्हणजे त्या मल्टिमीडिया सुपर कॉरिडॉरमधल्या कंपनीच्या, दर्जासाठी अर्ज केला. अर्जात पाच वर्षांचे अंदाज हवे होते आणि काम मल्टिमीडियाचं हवं होतं. वजनकाट्यात मल्टिमीडिया कुठून आणणार? शेवटी काट्यावर दोन कॅमेरे बसवायचं कलम घातलं. वजन पक्कं होताना नंबरप्लेटचा आणि मालाचा फोटो पावतीला जोडायचा. खरं सांगायचं तर ते अर्जापुरतं होतं. पुढे गिरण्यांनी आमचं सॉफ्टवेअर घेतलं ते त्या फोटोसाठीच.

या दर्जाचं नाव निघालं की सगळे दहा वर्षांच्या करमाफीबद्दल बोलतात. आम्हाला पहिली चार वर्षं नफाच नव्हता, तर माफ काय होणार? आमच्यासारख्यांना उपयोगी पडल्या त्या सरकारने दिलेल्या हमीपत्रातल्या दोन साध्या ओळी. एक, परदेशी माणसाला कंपनीची पूर्ण मालकी ठेवता येईल. दोन, बाहेरून हवे तेवढे जाणकार कर्मचारी आणता येतील. एरवी इथे स्थानिक भागीदार शोधण्यात आमचं वर्ष गेलं असतं. फायबर वगैरे ठीकच.

माणसं आणायची परवानगी मिळाली, पण माणसं यायला तयार नव्हती. २००३ च्याच मार्चमध्ये ब्रिकफील्ड्समध्ये पोलिसांनी भारतीय संगणक अभियंत्यांची धरपकड केली, दिल्लीहून निषेध झाला, पुण्यातल्या पेपरांत बातम्या आल्या. ज्यांचं जवळजवळ ठरलं होतं अशा दोघांनी घरच्यांचं नाव सांगून नकार दिला. तोवर हिंजवडीतही कामं मिळत होतीच. मग आम्ही सायबरजायाच्याच मल्टिमीडिया युनिव्हर्सिटीतून नुकतीच बाहेर पडलेली एक मलय मुलगी घेतली. आज कंपनीचा अर्धा डोलारा ती सांभाळते, आणि ‘कटकट’ हा शब्द आमच्यापेक्षा अचूक ठिकाणी वापरते.

पहिला मोठा फटका विजेने दिला. या देशात विजा फार पडतात. एका संध्याकाळी गिरणीतल्या काट्याला आमचा संगणक जोडणारं सिरियल पोर्ट एकदम गेलं. ऑफिसात फायबर असून काय उपयोग, गिरणीतली फोनची लाइनही मेली होती. आम्ही तीन तास गाडी हाणत पोचलो तेव्हा बाहेर ४० ट्रक उभे आणि फळांचा आंबूस वास सुटलेला. बिघाड वीज पडल्याचा असला तरी चूक आमचीच होती, कारण प्रोग्राम बंद पडला तर हाताने वजन लिहायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. त्या रात्री वजनं वहीत हाताने लिहिली. आता प्रत्येक गिरणीत छापील पावत्यांचं एक पुस्तक आम्हीच ठेवतो.

दुसरा फटका २००८ चा. मार्चमध्ये टनाला ४,००० रिंगिटच्या वर गेलेलं पामतेल वर्ष संपता संपता १,५०० च्या आसपास आलं. एका गिऱ्हाइकाने आमचे पैसे दोन वर्षं लटकवले, शेवटी निम्म्यावर मिटवले. बायकोच्या बांगड्या तेव्हा गेल्या, त्या २०१२ मध्ये परत केल्या.

वडील २००७ मध्ये इथे आले होते. गिरणी दाखवायला नेली. कॅमेरे, स्क्रीन, फोटोवाली पावती, सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “गाडी चढायच्या आधी काटा शून्यावर होता का, हे कोण बघतं?” कुणीच बघत नव्हतं. पावसात भरलेले ट्रक चिखल घेऊन येतात. तो प्लॅटफॉर्मवर साचला की रिकाम्या गाडीचं वजन जास्त भरतं आणि तेवढे किलो शेतकऱ्याच्या मालातून जातात. महिनाभरात आम्ही कुलूप घातलं. काटा शून्यावर नसेल तर प्रोग्राम वजन घेतच नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. करमाफी संपली. लॉकडाउनमध्ये फोनवरून काटे दुरुस्त करायला शिकलो. २०२२ मध्ये एमएससी हे नावच गेलं, त्याजागी ‘मलेशिया डिजिटल’ आलं आणि ठरावीक सायबर शहरातच ऑफिस हवं ही अट सुटली. माझ्या मते हे १० वर्षं आधी व्हायला हवं होतं, कारण आमची गिऱ्हाइकं पेराकमध्ये आणि भाडं मात्र आम्ही सायबरजायात भरत होतो. तेलुक इंतानला लगेच एक खोली घेतली, दुरुस्तीची माणसं तिकडे हलवली. गंमत म्हणजे पुढच्याच मार्चमध्ये सायबरजायाला मेट्रो आली.

त्या शून्याच्या कुलपावरून ऑपरेटर अजून शिव्या घालतात. परवाच एकाचा फोन आला, काटा २० किलो दाखवतोय, चिखल नाही, पाऊस नाही, मागे रांग लागलीय, कुलूप काढा. आमच्या पोराने कॅमेऱ्याचा फोटो मागवला. प्लॅटफॉर्मच्या मधोमध गिरणीचं कुत्रं झोपलं होतं.