आईची भिशी

दिंडीची भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणाखाणाचे आणि राहण्याचे पैसे, आईने भरली होती, माझी नव्हतीच. हे आधी सांगून टाकते कारण परत आल्यापासून जो तो म्हणतो काय श्रद्धा आहे पोरीची या वयात, आणि मला काय बोलावं सुचत नाही.

आमच्याकडे ग्वाल्हेरला, लष्कर भागात, आई कितीतरी वर्षं म्हणत होती की एकदा माऊलींबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं, आजीचं आजारपण, माझी बारावी, मग बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन. या वर्षी सगळं जुळलं, पुण्याच्या मावशीच्या ओळखीने दिंडी ठरली, भिशी भरली, झेलमचं तिकीट काढलं, आणि निघायच्या बारा दिवस आधी ती वाळवणाची परात घेऊन गच्चीवरून उतरताना शेवटच्या पायरीवरून घसरली. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे. प्लास्टर होताना नाही रडली, घरी आल्यावर पलंगावर बसून रडली, भिशीचं काय आता म्हणून. बाबा म्हणाले पैसे परत मागू, तर म्हणाली, माऊलींचे पैसे परत मागायचे? आणि मग माझ्याकडे बघितलं.

मी 24 वर्षांची, घरूनच नोकरी करते, दिवसभर लॅपटॉपवर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. देव म्हणजे आईचं खातं. नाही म्हणायला शंभर कारणं होती, पण तिचा तो पाय उशीवर ठेवलेला आणि बाजूला नवीन बूट, अजून खोक्यातच. आमचा दोघींचा बुटाचा नंबर एकच आहे. गेले.

जाण्याआधी तिने हैबतबाबा परत एकदा ऐकवले. आमच्या घरात हैबतबाबांबद्दल असं बोलतात जसे काही ते पलीकडच्या गल्लीत राहायचे. मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, पण सरदारकी ग्वाल्हेरला, शिंद्यांकडे. गावी परतताना वाटेत सातपुड्यात लुटारूंनी पकडून गुहेत कोंडलं, तिथे ते हरिपाठ म्हणत राहिले, सुटले, आणि मग घरी न राहता आळंदीला जाऊन माऊलींचेच झाले. आजचा हा पालखी सोहळा, दिंड्या, शितोळे सरकारांचे घोडे, ही सगळी शिस्त त्यांनी बसवली, 1832 साल सांगतात. आईचं म्हणणं एवढंच की पालखी आपल्या ग्वाल्हेरच्या माणसाने सुरू केली आणि आपल्या घरातलं अजून कोणी गेलं नाही, हे बरं दिसतं का.

म्हणून आळंदीत महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीवर डोकं टेकलं तेव्हा आईला व्हिडिओ कॉल लावलेला होता. मागून लोक ढकलत होते, फोनमध्ये आई ओरडत होती, नीट टेकव, कपाळ लागलं पाहिजे. पायरी ओली होती, थंड होती. एवढंच आठवतं.

पुणं गर्दीत गेलं, दिवे घाट पावसात गेला, जेजुरीला पिवळ्या झालो, नीरेला माऊलींच्या पादुकांचं स्नान लांबून बघितलं. बाकी दिवस एकमेकांत मिसळलेत. पहाटेचा भोंगा, अंधारात टँकरपुढे बायकांची रांग, ओली साडी ट्रकच्या दोरीवर, चहा, काकडा, चालणं, विसावा, चालणं, हरिपाठ, राहुटी, झोप. मला राग खूप यायचा. आंघोळीच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्यांचा, फुगडी चालू असताना परत एकदा घाला ना म्हणणाऱ्या फोटोवाल्यांचा, गावोगावी स्वागताच्या कमानीखाली लावलेल्या कर्कश स्पीकरचा, ज्यात आमचे टाळ ऐकूच येत नसत. आणि वारीत भांडण पण माऊली म्हणूनच होतं. ओ माऊली, डोळे घरी ठेवून आलात का? तुम्हीच सरका की माऊली, रस्ता काय तुमच्या एकट्याचा आहे का? दोन बाया बादलीवरून तावातावाने भांडत होत्या, वाक्यागणिक माऊली माऊली, मध्येच विणेकरी बाबा समोरून आले तर दोघी वाकून त्यांच्या पाया पडल्या, मग सवयीने एकमेकींच्या पडल्या, आणि उठल्यावर भांडण कुठे सोडलं होतं ते दोघींना आठवेना. मी इतकी हसले की माझाच नंबर गेला.

आमच्या राहुटीत एक आजी होत्या, बार्शीकडच्या, पंचविसावी वारी. पहिल्या दिवशी पंगतीत मी वाढणाऱ्या काकूंना म्हणाले, काकू, माझ्या वाटीत थोडी आमटी टाकून द्या. आमच्याकडे असंच म्हणतात. काकू थांबल्या. आजी शेजारून म्हणाल्या, टाकून कशापायी द्यायची गं, चांगली झालीया की! सगळी पंगत हसली. मग आलू, गिलास, सब्जी, माझा प्रत्येक शब्द त्यांनी उचलला आणि तिसऱ्या दिवसापासून मला नाव पडलं ग्वाल्हेरबाई. मला आधी टोचलं. आमची मराठी दीड-दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारी नांदली आहे, तिला तो वास लागणारच, आणि मला ती आवडते, माझी आजी त्याच मराठीत देवाशी बोलायची. पण आजींना कोणीतरी सांगितलं की हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होते, आणि दुसऱ्या दिवशी विसाव्याला त्या कोणाकोणाला हात धरून आणायच्या आणि दाखवायच्या, ही बघा, आमच्या हैबतबाबांच्या गावची. अनोळखी माणसं माझ्या पाया पडून जायची. आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

फलटण ते बरडच्या दिवशी माझा पाय गेला.

फोड आधीच आले होते, आईचे नवीन बूट चावत होते, पण त्या दिवशी पिंप्रद सोडल्यावर डाव्या टाचेचा फोड एवढा फुगला की प्रत्येक पावलाला डोळ्यांत पाणी. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं, वारा नाही, ढग नुसते लांबून बघत होते. आजींना म्हटलं तुम्ही व्हा पुढे, तळावर भेटते. आमची दिंडी पुढे गेली, मग तिच्या मागची, मग त्याच्या मागची. सगळे म्हणत जात होते, चला माऊली, चला माऊली, आणि मला तो शब्द नकोसा झाला होता. कोणाच्या तरी नवसासाठी, कोणाच्या तरी बुटात मी का चालतेय, असं खरंच मनात आलं. आईचा राग आला, तिच्या घोट्याचा पण आला.

रस्त्याच्या कडेला एक पाण्याचा टँकर बाभळीच्या सावलीत उभा होता. त्याच्या चाकाला टेकून मी बसले आणि बूट काढायला गेले तर मोजा टाचेला चिकटलेला. ड्रायव्हर टपावरून उतरला. साठीच्या आतबाहेरचा माणूस, पांढरी टोपी, शर्टाची बटणं उघडी, तोंडात तंबाखू. आल्या आल्या खेकसला, चाकाला टेकून बसतंय व्हय कुणी? गाडी हलली म्हंजी? मी उठायला लागले तर म्हणाला, बस बस, आता कुठं हलतीया.

मग टँकरचा नळ थोडा सोडून, तांब्याने माझ्या पायावर पाणी ओतत राहिला. मोजा भिजेपर्यंत. ओढू नको, आपसूक सुटंल. आणि तो सुटेपर्यंत त्याची तक्रार चालूच होती. की चार दिवस झाले घरी गेला नाही, की पाणी भरायला विहिरीवर दोन-दोन तास नंबर लागतो, की पोरगं पुण्याला गेलंय ते बैलपोळ्यालाच येतं, की बायकोचे गुडघे गेलेत आणि तिला वारी करायचीय, त्या गुडघ्यांनी! मी म्हटलं माझ्या आईचा पण घोटा मोडलाय. म्हणून तू व्हय? म्हणाला. मी म्हटलं हो. कुठनं आलीस? ग्वाल्हेर. तिकडं मराठी बोलत्यात? बोलतात की. मग तंबाखू थुंकून म्हणाला, लई लांबनं पाठवलं की गं आयनं.

मोजा सुटला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, तिच्या घडीत सुई टोचलेली होती, काळा दोरा गुंडाळलेला. टोपीत सुई ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. काडेपेटीच्या काडीवर सुई तापवली, दोरा ओवला, खोबरेल तेलाच्या बाटलीत बोट बुडवून दोऱ्याला लावलं. मी म्हटलं डॉक्टरची गाडी येईल मागून. यील की, म्हणाला, आणि फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली. दुखलंच नाही. दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंनी बोटभर कापला. कातडं सोलू नको, दोरा काढू नको, पाणी त्याच्या त्याच्या वाटनं जाईल, आतलं सुकलं की दोरा आपणहून पडंल. बुटं आता घालू नको. आणि ड्रायव्हरच्या सीटखालून स्वतःच्या रबरी चपला काढून दिल्या, निळ्या पट्ट्याच्या, माझ्या पायाला दोन बोटं मोठ्या. तुमचं काय, विचारलं तर म्हणाला, मला काय चालायचंय? गाडी हाय.

मी पैसे काढायला पाउच उघडलं तर तो एवढा चिडला, आधीपेक्षा जास्त, की मी पाउच बंद केलं. आणि मग माझ्या, त्याच फोड आलेल्या, चिखलाच्या पायावर त्याने डोकं टेकवलं. वडिलांच्या वयाचा माणूस. मी पाय मागे घेणार तेवढ्यात म्हणाला, हलवू नको, दोरा निघंल.

नाव विचारायचं राहिलं. टँकरवर मागे काय लिहिलंय ते वाचायचं पण राहिलं. बरडला पोचले तेव्हा अंधार झाला होता आणि आजी तळाच्या वाटेवर बॅटरी घेऊन उभ्या होत्या, तोंडाने शिव्या देत.

त्या रात्री आईला सगळं सांगितलं. तिला दोऱ्याचंच पडलं. अजून आहे का? टोकं दिसतात का? रोज हरिपाठाच्या वेळी फोन स्पीकरवर ठेवायचा, ती तिकडे पलंगावर बसून आमच्याबरोबर म्हणायची, नेटवर्कमुळे अर्धी ओळ मागे, आणि हरिपाठ संपला की पहिला प्रश्न, दोरा आहे ना?

समाजआरतीचं लिहायचं राहिलं. तळावर सगळ्या दिंड्या गोलात उभ्या, टाळांचा कल्लोळ, आणि चोपदारांनी दंड वर केला की एका क्षणात सगळं बंद. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, तिचं ऐकून घेतात. दिवसभर तक्रारींना उत्तरं लिहिणारी मी, मला ते बघून भरून यायचं, एवढ्या माणसांत एका दिंडीसाठी सगळे थांबलेत. त्या संध्याकाळी, नातेपुतेला बहुतेक, कोणाचीच तक्रार नव्हती. नुसती शांतता. लांब कुठेतरी एक लहान मूल रडत होतं आणि गप्प झालं. आणि मला वाटलं की समोर कोणीतरी आहे आणि ते ऐकतंय. वाटलं म्हणजे अगदी खात्रीने, जसं अंधाऱ्या खोलीत कोणी बसलेलं असलं की कळतं. मी आईच्या पायासाठी काही मागितलं नाही, सुचलंच नाही, नुसती उभी राहिले. मग हरवलं-सापडलं सांगायला लागले. एक चष्मा, एक पिशवी, आणि एक दातांची कवळी सापडली आहे, ज्या माऊलींची असेल त्यांनी घेऊन जावी. लाखभर माणसं चिडीचूप. मागून आजींचा आवाज, माझी न्हाय, माझी तोंडातच हाय. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते, आणि आजी विचारत होत्या, काय झालं गं ग्वाल्हेरबाई, पाय दुखतोय?

रिंगणात घोडा डोळ्यांसमोरून गेला, त्याच्या टापांखालची माती आजींनी माझ्या कपाळाला फासली. वाखरी. पंढरपूर. एकादशीला दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याइतका वेळ नव्हता, चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरी, कळसाला हात जोडले. आईच्या हुकमाप्रमाणे बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं द्वारकाधीशाचं मंदिर बघून आले, तिथे मात्र शांतपणे बसता आलं. निळ्या पट्ट्याच्या चपला पायात तशाच होत्या, आता सवय झाली होती. आजींनी एसटीत चढताना हातात लाह्या आणि बुक्क्याची पुडी कोंबली आणि पुढच्या वर्षी आयला घेऊन ये म्हणाल्या.

ग्वाल्हेरला उतरले तर स्टेशनवर बाबा हार घेऊन, घरी दारात शेजारच्या चाची आरतीचं ताट घेऊन, पंढरपूर से आई है म्हणत गल्लीतली पाच-सहा माणसं पाया पडली. आई पलंगावरच होती, प्लास्टर काढायला अजून आठवडा होता. मला समोर बसवलं, माझा डावा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, प्लास्टरच्या बाजूला. टाचेवर फक्त एक जाड तपकिरी डाग राहिला होता. तिने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, मग चष्मा लावून वाकून बघितलं.

"दोरा कुठाय?"

"पडला गं. माळशिरसच्या आसपास कुठेतरी."

"आणि मला रोज हो हो म्हणत होतीस?"

मी काही बोलले नाही. तिने पाय सोडला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "चपला तरी आणल्यास ना?"