गावाक इचार

रविवार रात्र, आचरा (मालवण तालुका).

दुपारी भाच्याने मोबाइलवर प्यू रिसर्च सेंटरचा अहवाल दाखवला. २०२१ चा, आमच्यापर्यंत आत्ता पोचला. सुमारे तीस हजार लोकांना विचारलं होतं, तुमच्या आयुष्यात धर्म किती महत्त्वाचा? ८४ टक्के म्हणाले, फार. मध्य भारतात ९२, दक्षिणेत ६९. आपण गुजरात-गोव्यासकट ‘पश्चिम’ रकान्यात. (आचरा आणि अहमदाबाद एकाच पंगतीत! असो.)

बाबांना तोच प्रश्न टाकला. ‘‘माका काय इचारतंस? गावाक इचार,’’ म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

बाबा तसे रोज पूजाबिजा करणारे नाहीत. सोमवार सोडला तर ताटात मासे लागतातच. पण गावपळणीचा कौल झाला की पहिलं बोचकं त्यांचं. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेव रामेश्वराच्या हुकमाने अख्खा गाव घरं बंद करून शिवेबाहेर राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन रात्री झोपड्यांत काढायच्या, मग पुन्हा कौल, देवाने हो म्हटलं तर परत. तेवढे दिवस गाव भुताखेतांना मोकळा सोडायचा, अशी समजूत. पण त्यांच्यावर विश्वास आहे का, असं तेव्हा बाबांना कुणी विचारत नाही. गाव निघाला की निघायचं.

मुंबईतला भाऊही तसलाच. वर्षभर उदबत्ती लावणार नाही, पण चतुर्थीला रजा नाकारली तर साहेबाशी भांडेल. याला कुठल्या टक्क्यात बसवणार?

आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण सांगोल्याकडची. घरात माळ, एकादशी, आषाढीची वारी. बदली होऊन कणकवलीत आली तरी एकादशी चुकली नाही. तिचा विठोबा तिच्याबरोबर येतो. आमचे देव शीव ओलांडत नाहीत. आपणच त्यांच्याकडे जायचं. आंगणेवाडीच्या भराडीची जत्रासुद्धा पंचांगात सापडत नाही, देवीच्या कौलाने तारीख ठरते आणि मग चाकरमानी तिकिटांच्या मागे धावतात.

हे सगळं मला आवडतं, पण भाबडेपणाने नाही. गावाचा देव म्हणजे गावाचं राजकारणही. मान कुणाचा यावरून भाऊबंदकी पेटते, प्रकरणं कोर्टात जातात. देवळात गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायला, बाई उभी राहिलेली मी तरी पाहिली नाही. आणि माझं काय? लग्न झालं, गाव बदलला, गावाबरोबर देवही बदलला. सासरच्या देवासमोर मी अमक्याची सून. इथे रामेश्वराकडे येते ती माहेरवाशीण, म्हणजे पाहुणीच. मैत्रिणीची आत्या मात्र माहेरी असताना वारीला जायची ती सासरहूनही जातेच, त्याच विठोबाकडे.

पुढच्या गावपळणीला मैत्रिणीला घेऊन यावं म्हणते. शिवेबाहेर तीन दिवस मासे-मटणाचीच चंगळ असते, तेवढी तिची पंचाईत होईल. आईला सांगून ठेवायला हवं, काळ्या वाटाण्यांची आमटी वेगळ्या टोपात कर म्हणून.